तेराव्याचं तेल

आधी जरा हसून घेऊ द्या, मंग सांगते. मच्छिंद्रबद्दल आख्ख्या गल्लीचा अंदाज असा काही चुकल्ता, की आता आठवलं तरी पदर तोंडाला लावावा लागतो.

बायकोचं, मीनाचं तेरावं होतं. मांडवात शेवटची पंगत बसलेली. कोणी बुंदी मागतंय, कोणी वरण. अन् हा माणूस आचाऱ्याच्या भट्टीपाशी उकिडवा बसून पुऱ्यांच्या कढईतलं तेल फडक्यातून कॅनमध्ये गाळून राह्यला. चेहरा असा, की माशी बसली तरी उठवायचा न्हाई. गल्लीतल्या बायांनी पत्रावळीवरून एकमेकींकडं पाहिलं. पुष्पाबाई हळूच म्हणाल्या, "किती बाई चिकट माणूस. बायकोच्या तेराव्याचं तेलसुद्धा सोडवंना." शेजारचीनं कडी केली, "बघा, महिन्याभरात स्टेशनसमोर भज्याचा गाडा टाकतो का न्हाई." तिसरीला मात्र खात्री होती की दुःखानं याचं डोकं सरकलंय. तिघींनी भरपेट जेवून, बुंदीची दुसरी वाढ घेऊन, तिन्ही अंदाज चुकवले. यालाच गल्ली म्हणतात.

आचारी कडूबा बिचारा समजुतीनं सांगायला गेल्ता. "भाऊ, दुखाचं तेल हाये. घरात ठेवत नसत्यात. मी देतो वतून."

"बराबर," मच्छिंद्र म्हणाला, अन् गाळत राह्यला.

आता हे "बराबर" नीट ध्यानात घ्या, कारण घोर लावला तो त्यानंच. मच्छिंद्र हा मुळात बराबर म्हणणारा माणूसच नव्हता. केदारखेड्याच्या शेतकरी घरातला, नव्या जालन्यात येऊन डिझेल पंप दुरुस्त करणारा, हात बारीक आणि तोंड मोठं. ऑटोवाल्याशी वाद, बँकेतल्या शिपायाशी वाद, पंचांगाशीसुद्धा वाद. मीना त्याला पुरून उरायची. चहात आलं आधी टाकायचं का साखर, एवढ्यावर त्या दोघांची सकाळ निघायची. चहा उतू जायचा तरी निकाल लागायचा न्हाई. गल्लीला घड्याळ लागत नव्हतं. ह्यांचं भांडण सुरू झालं की समजायचं, पाणी यायची वेळ झाली.

तेलाचा कारभारही अशाच एका भांडणातून निघाल्ता. मीना ऑर्डरीची शेव-चकली तळायची. तळून तळून काळं पडलेलं तेल डब्यांत साठायचं, अन् मच्छिंद्र त्या डब्यांना अडखळून रोज शिव्या घालायचा. अशात इंजिनिअरिंग कॉलेजच्या उमा मॅडम पंप दुरुस्तीला घेऊन आल्या. वापरलेल्या खाद्यतेलाचं बायोडिझेल करायचं, ते साध्या डिझेलमध्ये कमी-जास्त मिसळायचं आणि इंजन कोणत्या मिश्रणावर कसं चालतंय ते तपासायचं, असं त्यांचं काम. कॉलेजातलं इंजन नवंकोरं. त्यांना हवं होतं शेतकऱ्याकडं असतं तसं, म्हातारं, खोकणारं. मच्छिंद्रच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्याच्या वडलांचं विहिरीवरचं इंजन पडलेलंच होतं. मीना दारातून म्हणाली, "घ्या. माझे डबे पण रिकामे होतील आणि ह्यांचं तोंडपण कामाला लागंल."

मंग काय, शेडचं रूपच पालटलं. तेल तापवायचं, त्यात कॉस्टिक आणि स्पिरिट घालून ढवळायचं, निवळायला ठेवायचं. खाली काकवीसारखा गाळ बसतो, वर पातळ सोनेरी राहतं. ते धुऊन, सुकवून डिझेलमध्ये मिसळायचं. इंजनावर एक डायनॅमो बसवला आणि भिंतीवर मोठाल्या दिव्यांची फळी ठोकली. जितके दिवे लावाल तितका इंजनावर भार. काचेच्या नळीतून तेल किती लवकर उतरतंय ते बघायचं, आणि धूर तपासायला सायलेन्सरपुढं पांढरं फडकं धरायचं. प्रत्येक मिश्रणाचं वेगळं फडकं. कोपऱ्यात बॉलपेननं लिहायचं तेल किती, डिझेल किती, आणि तारेवर वाळत घातल्यासारखं ओळीनं टांगायचं. कोणतं काळंकुट्ट, कोणतं नुसतं राखाडी. उमा मॅडम त्या तारेपुढं उभ्या राहायच्या तेव्हा देवळात उभं राहिल्यासारख्या दिसायच्या.

पाच भागांत एक भाग तेल, हे मिश्रण शेवटचं राहिल्तं. तेवढ्यात मीनाला ताप आला. दवाखाना, सलाईन, मोठा दवाखाना, आणि आठवड्याच्या आत सगळं संपलं. मिश्रण राहिलं, तेल न्हाई. म्हणून तो कढईपाशी बसल्ता. भज्याचा गाडा कुठला आलाय. त्याच्या डोक्यात एवढंच होतं, की काम अर्धं पडलंय आणि तेल समोर आहे. दुसरं काही डोक्यात येतच नव्हतं.

तेराव्याला आलेली मोठी बहीण उषाबाई मागं राह्यली. टेंभुर्णीची. घरचा कारभार, गावचा कारभार आणि वेळ उरला तर देवाचाही कारभार बघणारी बाई. तिनं दोन दिवसांत भावाची परीक्षा करून निकाल लावला.

"मच्छिंद्रा, एकटा माणूस शहरात जगत न्हाई. तू चल आमच्याकडं."

"बराबर."

"शेड बंद कर. इंजन तुझे दाजी घेऊन जातील, मळ्यात कामाला येईन."

"बराबर."

"तृप्ती राहीन मैत्रिणीसोबत खोली करून. तिची नोकरी हाये."

"बराबर, अक्का."

अमावस्या झाली की साहेबराव दाजी टेम्पो घेऊन येणार, असं ठरलंसुद्धा. लेक तृप्ती बियाण्याच्या कंपनीत कामाला, दिवसभर फोनवर शेतकऱ्यांशी बोलून घसा बसलेली. संध्याकाळी आली तर घराचं वाटप झालेलं. ती बापाजवळ जाऊन बसली.

"पप्पा, तुम्हाला जायचंय का?"

मच्छिंद्रनं विचार केला. खरंच केला. आत हात घालून पाहिलं तर काही हाताला लागंना. जायचंय असं न्हाई, राहायचंय असंही न्हाई. पाय बधिर झाल्यावर तो आपलाच आहे हे डोळ्याला कळतं, पायाला कळत न्हाई, तसं.

"तुम्ही फक्त एकदा न्हाई म्हणा," तृप्ती म्हणाली. "आत्याशी भांडा. मी बघते पुढचं. पण मी भांडून उपयोग न्हाई, तुम्ही म्हणायला पायजे."

"बराबर," बाप म्हणाला.

लोकांना वाटायचं हा रडत का न्हाई. पुष्पाबाई तर मुद्दाम मीनाच्या आठवणी काढून त्याच्याकडं टक लावून बघायच्या, जसं दूध कधी उततंय ते बघावं. त्याचं काही उतंना. एक दिवस तृप्तीला त्याच्या तळव्यावर मोठा फोड दिसला. इंजन साध्या डिझेलवर चालवून बघताना सायलेन्सरच्या पायपावर हात टेकला होता. केव्हा टेकला, किती वेळ ठेवला, त्याला सांगता येईना. "पोळलं न्हाई का?" तिनं विचारलं. "पोळलं असंल," तो म्हणाला, जसं शेजारच्या गावात पाऊस पडला असंल.

त्याच हातानं त्यानं तेराव्याच्या तेलातलं अर्धं तेल काढून बायोडिझेलचा घाणा घातला. सवयीनं हात चालले. कोमट केलं, कॉस्टिक घातलं, स्पिरिट घातलं, ढवळलं, ठेवून दिलं. सकाळी झाकण काढलं तर खाली गाळ न्हाई, वर सोनं न्हाई. बादलीभर पिवळा, घट्ट गोळा. साबण.

आता तेलात पाणी राहिलं की साबण होतो, हे ह्या कामातलं अगदी पहिलं. आधी तेल कडकडीत तापवून पाणी उडवायचं, मंग पुढचं. मच्छिंद्रला वाटलं, कढईतलं तेल, त्यात पाणी कुठून येणार, म्हणून आपण नुसतं कोमट केलं. तरी झाला साबण. म्हणजे आपलंच काहीतरी चुकलं. काय चुकलं ते शोधायची इच्छासुद्धा झाली न्हाई. त्यानं उमा मॅडमला फोन केला.

"मॅडम, माझ्याच्यानं होणार न्हाई आता. हात गेला माझा."

"घाई न्हाई, मच्छिंद्रभाऊ. थांबू आपण थोडं."

"इंजन पण चाललंय. टेंभुर्णीला."

 मॅडम म्हणाल्या, "तुमचं इंजन आहे. तुम्ही म्हणाल तसं."

तिकडून कोणी ओढलं असतं तर कदाचित आला असता. पण ती भली बाई, ओढणारी नव्हती. ओढणारी घरात होती, ती उलट्या बाजूनं ओढून राह्यल्ती.

उषाबाईनं साबणाची बादली पाहिली आणि तिचं मन एकदम प्रसन्न झालं. "हे काय फेकून देतो? सोन्यासारखा साबण हाये." तिनं वडी कापली, भांडी घासली. कढई अशी निघाली की तिच्यात तोंड बघून घ्यावं. मंग चादरी धुतल्या. मंग तिला चेव आला. शेडमध्ये गेली तर तारेवर ओळीनं कळकट फडकी टांगलेली. बायकोवाचून घराची ही दशा, असं म्हणत तिनं सगळी खाली ओढली, तेराव्याच्या साबणानं आपटून आपटून धुतली आणि अंगणात वाळत घातली. पांढरीशुभ्र. कोपऱ्यातलं बॉलपेनसुद्धा गेलं. वर्षभराचा धूर एका दुपारीत साफ.

तृप्ती ऑफिसातून आली, फाटकातच थांबली. तिनं अंगणातली फडकी पाहिली, मंग बापाकडं पाहिलं. तो पायरीवर बसून तेच बघत होता. आधीचा मच्छिंद्र असता तर पत्रे उडाले असते. औरंगाबादपर्यंत आवाज गेला असता. तृप्ती श्वास धरून वाट बघून राह्यली.

"बघ रे, कशी निघालीत," उषाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली.

"बराबर," मच्छिंद्र म्हणाला. "चांगली निघाली."

तृप्ती बाथरूममध्ये गेली, नळ सोडला आणि बराच वेळ बाहेर आली न्हाई. अमावस्या उद्यावर होती. तिनं रात्री बापाच्या कपड्यांची पिशवी भरली. दुसरं काय करणार.

अमावस्या सरली अन् साहेबराव दाजी टेम्पो घेऊन सकाळीच आले. अंगानं दणकट, बोलायला कंजूष. बायको बोलती असली की नवऱ्याचे शब्द शिल्लक राहतात, तसा माणूस. ड्रायव्हर चहा प्यायला गेला. दाजी शेडमध्ये जाऊन इंजनाचे बोल्ट कुठून सोडायचे ते बघत बसले. तेवढ्यात उषाबाईच्या नजरेस कॅन पडली. अर्धं तेल तसंच होतं.

"मच्छिंद्रा, जाता जाता ह्याचा बी साबण करून दे. टेंभुर्णीला नेते. जावांना दाखवते."

"बराबर."

त्यानं स्टोव्ह पेटवला, कढई ठेवली, तेल ओतलं. साबणच करायचा तर तापवायची सुद्धा गरज नव्हती, पण एवढं कोण विचार करतंय. हात गेले तसे गेले. उषाबाईनं ज्योत मोठी केली, म्हणजे लवकर होईल.

अन् तेल बोलायला लागलं. तड. तड तड. मंग तडतड तडतड, कढईतून थेंब उडायला लागले. उषाबाई मागं सरकली. मच्छिंद्र सरकला न्हाई. मान जरा वाकडी करून ऐकत राह्यला. पंप दुरुस्त करणारा माणूस, डोळ्याआधी कान धावतो. एक थेंब मनगटावर उडाला. त्यानं हात झटकला.

"हे पाणी आहे," तो म्हणाला.

त्यानं मान वर केली.

"अक्का, ह्या तेलात पाणी कोणी घातलं?"

"मी," उषाबाई म्हणाली, जसं काही देवाला दिवा कोणी लावला असं विचारलं. "दुखाचं तेल घरात ठेवायचं म्हनल्यावर त्याच्यावर पानी सोडावं लागतं. तुला न्हाई कळत, मला तरी कळायला पायजे ना. न्हाईतर ती दुखाची कढई पुन्हा चढती घरात. फिरवलं अन् सोडलं."

"कधी?"

"तेराव्यालाच, सांजच्याला. तू गाळून ठेवलं अन् निजला, तवा."

मच्छिंद्रनं कढईकडं पाहिलं. मंग अंगणाकडं, जिथं ती फडकी परवा वाळली होती. दारात तृप्ती चहाचा कप घेऊन उभी होती. ती हलली न्हाई.

"किती सोडलं?"

"एवढंसं. फुलपात्रभर."

"फुलपात्रभर पाण्यानं बादलीभर साबण होत न्हाई."

"मंग मी काय खोटं बोलून राह्यले?"

"खोटं न्हाई. चुकीचं. अजून उडून राह्यलंय बघ. तांब्या होता."

"फुलपात्र."

"फुलपात्रावर एवढा वेळ तडतडलं नसतं. तांब्या, आन् तोही काठोकाठ."

"बरं, तांब्या," उषाबाई चिडून म्हणाली. "तांब्याच होता. देवाघरचं काम मोजून करतं का कोनी?"

आवाज सपाट होता त्याचा. राग न्हाई, काही न्हाई. नुसतं एकापुढं एक शब्द ठेवत होता, जसं लंगडा माणूस पाय ठेवून बघतो. पण गॅस, आपलं ते, स्टोव्ह त्यानं बंद केला न्हाई. तडतड थांबेपर्यंत ढवळत राह्यला. तेल शांत झालं, आरशासारखं. मंग उतरवलं, निवू दिलं आणि कॉस्टिकचा डबा काढला. तृप्तीनं न सांगता स्पिरिटची बाटली पुढं केली. तिला नाकाला रुमाल लावायला सांगितलं त्यानं.

"साबणाला हे कशाला लागतं?" उषाबाईनं विचारलं.

"साबण न्हाई करत."

दाजींनी पाना खाली ठेवला. "मंग आज इंजन निघनार का न्हाई? टेम्पोवाला थांबलाय."

सगळे मच्छिंद्रकडं बघून राह्यले. तोही स्वतःकडं बघून राह्यला असावा. आत पुन्हा चाचपलं त्यानं. अजूनही काही फार सापडलं न्हाई, दुःख न्हाई, उमेद न्हाई. पण फडकी सापडली. ती सगळी पुन्हा करावी लागणार होती. नुसत्या डिझेलपासून, एकेक मिश्रण, एकेक फडकं. वर्ष जाईल.

"न्हाई, दाजी," तो म्हणाला. "इंजन न्हाई देत. अक्कानं धुतलंय ते परत काळं करायचंय मला."

"अन् तू?" उषाबाई म्हणाली. "तू तर येशीन?"

"मी न्हाई येत."

तृप्तीच्या हातातला चहा तसाच निवला. तिनं तो मोरीत ओतला आणि नवा ठेवला, सगळ्यांसाठी.

दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत कोणी गेलं न्हाई. टेम्पो रिकामाच परत पाठवला, पण बहीण-मेहुणे राह्यले. उषाबाईला बघायचं होतं, साबण न्हाई तर काय होतंय ते. सकाळी झाकण काढलं. खाली काकवीसारखा गाळ, वर सोनेरी. मच्छिंद्र "हं" म्हणाला. अजून धुणं-सुकवणं बाकी होतं. त्यानं उमा मॅडमला फोन केला आणि सांगितलं, पांढरी फडकी भरपूर आहेत, चार दिवसांनी या. मॅडम काही विचारायला लागल्या, तर म्हणाला, आल्यावर सांगतो. मीना असती तर ह्यावर काय बोलली असती, ते त्याला ठाऊक होतं. ते आठवून त्याला काही झालं न्हाई. नुसतं आठवलं.

उषाबाईला हरणं पचत नसतं. पिशवी भरता भरता ती बडबडून राह्यली.

"हट्टीपना बाबांच्या चांद्या बैलासारखा. तोबी असाच, जागचा हलायचा न्हाई. एका डोळ्यानं काना, पर गुर्मी केवढी."

"चांद्या डाव्या डोळ्यानं अधू होता," मच्छिंद्र गाळ बाटलीत भरत म्हणाला.

"उजव्या."

"डाव्या, अक्का."

"मी चारा घालायची त्याला. तू तवा शेंबडा व्हता. उजवा डोळा गेल्ता, काटा लागून."

"काटा लागून गेल्ता, पण डावा."

"तृप्ते, तुझ्या बापाला सांग. मोठ्या बहिनीला खोटं पाडून राह्यला."

"मी कशाला पडू मधात," तृप्ती म्हणाली आणि पाटावर नीट मांडी घालून बसली.

मच्छिंद्रनं बाटलीचं बूच लावलं. "नांगराला चांद्या कोणत्या बाजूला जुंपायचे?"

"उजव्या बाजूला. मी सोता बघितलंय. डावीकडं तो दुसरा, तांबडा."

"हां. दाजी, काणा बैल असला तर त्याचा गेलेला डोळा कुठं ठेवतात?"

साहेबराव दाजींनी बायकोकडं पाहिलं, मंग छताकडं. आयुष्यभर नांगर धरलेला माणूस, खोटं बोलणार तरी कसं. "जोडीदाराच्या अंगाला," ते हळूच म्हणाले. "चांगला डोळा भाईर. न्हाईतर बुजतंय जनावर."

"तो उजवीकडं. जोडीदार त्याच्या डाव्या अंगाला. मंग गेलेला डोळा कोणता?"

उषाबाईनं दोन्ही हात हवेत धरले, एक बैल इकडं, एक तिकडं, आणि मनातल्या मनात नांगर फिरवून पाहिला. एकदा फिरवला, पुन्हा फिरवला. मंग पिशवीची चेन ओढली.

"असंल डावा," ती म्हणाली.

"असंल न्हाई. होता," मच्छिंद्र म्हणाला.